झांकलेला खजिना आणि दिलेला शब्द

नाण्याच्या कडेनें कागदावरील लेप खरवडावयाचा, खालीं दडलेला खजिना प्रतिस्पर्ध्याच्या आधीं हुडकावयाचा आणि डाव संपतांच कागद टोपलींत टाकावयाचा, असा दोघांनीं खेळावयाचा एक खेळ अलीकडे निघाला आहे. वरवर पाहतां ही मुलांची घटकाभर करमणूक. परंतु तिची पूर्वपीठिका पाहूं लागलें असतां एक विचारणीय प्रश्न पुढें उभा राहतो: खेळांतील गुपित कोणाच्या भरंवशावर ठेवावें, प्रतिपक्षाच्या शब्दाच्या कीं निर्जीव लेपाच्या?

चौकटींच्या कागदावर दडलेली वस्तु शोधण्याच्या खेळांत आरमारी लढाईचा खेळ विशेष प्रसिद्ध आहे. अमेरिकेंत तो १९३१ सालीं ‘साल्व्हो’ या नांवानें छापील कागदांच्या रूपांत विक्रीस आला. १९४३ सालीं मिल्टन ब्रॅडले कंपनीनें तोच ‘ब्रॉडसाइड्स’ म्हणून काढला, आणि १९६७ सालीं ‘बॅटलशिप’ या नांवानें त्यास प्लॅस्टिकचा साज चढविला. पद्धति साधी आहे. प्रत्येकानें १०० घरांच्या पटावर आपलीं जहाजें गुप्तपणें मांडावीं. दुसऱ्यानें एकेका घराचें नांव घ्यावें. आणि मालकानें नेम लागला कीं हुकला हें खरें सांगावें. येथें पंच नाहीं. पेन्सिलीनें काढलेलें जहाज रबरानें पुसून शेजारच्या घरांत नेणें मुळींच कठीण नाहीं. सारा खेळ चालतो तो खेळाडूच्या सचोटीवर.

लेपाचा बोलबाला झाला तो निराळ्याच व्यवहारांत. १९७४ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानाच्या लॉटरीनें तात्काळ निकालाचें तिकीट काढलें. गणकयंत्राच्या साहाय्यानें त्याची योजना जॉन कोझा व डॅनियल बोअर यांनीं केली होती. सोडतीच्या तारखेपर्यंत वाट पाहणारें गिऱ्हाईक आतां दुकानांतच नाण्यानें आपलें दैव खरवडूं लागलें. विकणारा व घेणारा येथें एकमेकांस अनोळखी, आणि मध्यें पैसा! तिकिटांत काय आहे हें दोघांसही कळतां कामा नये. असल्या ठिकाणीं अविश्वास हा दोष नव्हे. ती व्यवहाराची अटच होय.

पण लेपानें तरी गुपित कितपत राखावें? कॅनडांतील टोरोंटो येथील संख्याशास्त्रज्ञ मोहन श्रीवास्तव यांचा व्यवसाय भूगर्भांतील सोन्याचा अंदाज बांधण्याचा. २००३ सालीं एक तिकीट पाहतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, उघड छापलेल्या आंकड्यांपैकीं एकदांच येणारे तीन आंकडे एका ओळींत असले म्हणजे तें बहुधा बक्षिसाचें ठरतें. ही पारख दहांत सुमारें नऊ वेळां खरी ठरे. त्यांनीं न खरवडलेलीं २० तिकिटें बक्षिसाचीं व बिनबक्षिसाचीं अशीं निवडून अधिकाऱ्यांकडे धाडलीं, आणि तो खेळ मागें घेण्यांत आला. लेप शाबूत होता. गुपित मात्र त्याच्या बाहेर छापलेलें होतें!

आम्ही नव्या खेळाचे वैरी नाहीं. लेपामुळें भांडण टळतें, लहानग्यासही लबाडी साधत नाहीं, हा लाभ उघडच आहे. परंतु एकदां खरवडलेला कागद पुन्हां कामाचा उरत नाहीं; आंखलेल्या वहींत मात्र रोज नवा डाव मांडतां येतो. त्याहून मोठी गोष्ट ही कीं, पेन्सिलीच्या खेळांत आठ वर्षांच्या मुलास, स्वतःचें नुकसान होत असतां, ‘लागला’ असें स्वमुखानें सांगावें लागतें. हें शिक्षण कोणताही लेप देऊं शकणार नाहीं. परक्यांच्या व्यवहारांत लेप असावा. घरांतल्या भावंडांच्या डावांत शब्दच पुरेसा व्हावा, असें आम्हांस वाटतें.