क्लॅरोनेटचा जन्मदाखला

आमच्या सुरगाण्याच्या डोंगरात तारपा आणि पावरी वाजते, लग्नसराईत बँड वाजतो. तारप्यात जिभली थरथरते आणि सूर निघतो. क्लॅरोनेटचेही तेच आहे, तिलाही पत्ती. फरक इतकाच की तारपा घडवणाऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवत नाही. क्लॅरोनेट मात्र जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या डेनर नावाच्या कारागिराची, 1700 च्या सुमाराची, असे पुस्तकात छापून येते!

आपल्या वस्तीत एका बँडवाल्याच्या घरी काळी, जुनी क्लॅरोनेट आहे. भंगारवाला तिला किलोच्या भावात मागतो. जुनी माणसे म्हणतात ती संस्थानची आहे. सुरगाण्याला देशमुखांचे संस्थान होते, ते 1948 साली विलीन झाले, हे खरेच. पण 'संस्थानची' म्हटले की वाजवणाऱ्याची राहात नाही, म्हणून आम्ही वाद्यालाच विचारायचे ठरवले.

आम्ही गिरणीत काम केलेली माणसे. साच्यावर 'प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम' अशी पाटी असे, ती वाचली की यंत्र कुठले ते कळे. क्लॅरोनेटच्या अंगावरही असाच शिक्का असतो, खालच्या भोंग्यावर आणि मधल्या तुकड्यांवर. आमच्या वाद्यावर 'हॉक्स अँड सन, डेन्मन स्ट्रीट, पिकॅडिली सर्कस, लंडन' असे आहे. ही कंपनी 1930 साली बूझी कंपनीत मिसळली आणि पुढे 'बूझी अँड हॉक्स' असा शिक्का पडू लागला. तेव्हा हे वाद्य बहुधा 1930 च्या आधीचे. मात्र नुसत्या नावावर विसंबू नये. पुष्कळदा दुकानदार दुसऱ्याचे वाद्य घेऊन आपला शिक्का मारीत.

शिक्क्याखाली इंग्रजी 'एच. पी.' अशी अक्षरे आहेत. खरी गोम इथे आहे. त्यांचा अर्थ उंच पट्टी. आजची पट्टी 440 ची, ही 452 च्या आसपासची, म्हणजे जवळजवळ पाव सुराने चढी. हार्मोनियमबरोबर वाजवली तर बेसूर लागणारच, कोणी वाजवणाऱ्याला दोष देऊ नये. 1920 चे दशक संपेपर्यंत ब्रिटिश लष्करी बँड याच पट्टीत वाजत. नाशिकजवळच्या देवळालीला 1861 पासून त्यांची छावणी होती.

चाव्या मोजाव्यात. तेरा-चौदा चाव्या आणि दोन कड्या असतील तर जुनी साधी पद्धत. सतरा चाव्या, सहा कड्या असतील तर पॅरिसची बोहेम पद्धत. आमची साधी आहे. अंग लाकडाचे असेल तर दाणे दिसतात. एबोनाइटचे असेल तर उन्हाने तपकिरी पडते, घासल्यावर गंधकाचा वास येतो. आमचे लाकूडच आहे, आफ्रिकेतले काळे.

भारतातही बँडची वाद्ये बनतात, मेरठच्या जाळी कोठीत. नादिर अली कंपनी तिथे 1885 पासूनची आहे.

कोणाच्या घरी असे वाद्य असेल तर ब्रासो लावून घासू नका. आधी शिक्क्यावर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवा, अक्षरे उमटतील. मागच्या बाजूला वाजवणाऱ्याचे नाव लिहा, तो कुठल्या गावात, कुठल्या वर्षी वाजवायचा तेही लिहा, आणि कागद विहारात आणून द्या.