पर्सिस्टर कोशिका
प्रतिजैविकाच्या माऱ्यातून वाचणाऱ्या, परंतु आनुवंशिक प्रतिरोध नसलेल्या सूक्ष्मजंतूंच्या कोशिका. आयरिश सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्ये त्यांना हे नाव दिले. पेनिसिलिनाने स्टॅफिलोकॉकस जंतूंचे संवर्धन पूर्णतः निर्जंतुक होत नसे. वाचलेल्यांची संतती मात्र पूर्वीसारखीच औषधाला बळी पडे. विभाजन थांबलेल्या कोशिका वाचतात, हे बिगर यांचे अनुमान प्रतिरोधी जंतूंच्या अभ्यासापुढे बरीच वर्षे मागे पडले. २००४ मध्ये नताली बलाबान व सहकाऱ्यांनी एश्चेरिकिया कोलाय जंतूच्या, अशा कोशिका विपुल असलेल्या वाणांत एकेका कोशिकेवर लक्ष ठेवले. वाचलेल्यांची वाढ औषध देण्यापूर्वीच मंदावलेली वा थांबलेली होती. तेव्हा ‘निर्णय’ हा शब्द येथे लाक्षणिकच म्हणावयाचा : औषधाची चाहूलही नसताना, एकाच जनुकीय घडणीच्या समूहातील मोजक्या कोशिका वाढीचा लाभ सोडून बसतात. उपचार थांबल्यावर त्या पुन्हा वाढू लागल्यास संसर्ग उलटतो.