ठिगळ कधी लावायचं?

सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या मानेवर कायम दोन भुतं बसलेली असतात. अपडेट आल्याआल्या टाकलं आणि त्यातच घोळ निघाला, तर चालू काम बंद. थांबलं, तर तेवढ्यात कुणीतरी त्याच भोकातून आत!

मंडळी, या पेचावर २००२ साली चक्क गणित मांडलं गेलं. स्टीव्ह बीटी, क्रिस्पिन कोवन वगैरे मंडळींनी 'लिसा' या सिस्टिम अ‍ॅडमिन लोकांच्या परिषदेत निबंध वाचला. सदोष ठिगळं बहुधा सुरुवातीलाच उघडी पडतात, हल्ल्याचा धोका मात्र दिवसागणिक चढतो. या दोन रेषा त्यांना १० आणि ३० दिवसांच्या सुमारास जुळताना दिसल्या. थोडक्यात काय, आधी शेजाऱ्याला चाखू द्यायचं.

पुढच्याच जानेवारीत, २५ तारखेला, 'स्लॅमर' आला. अवघ्या ३७६ बाइट्सचा किडा. दहा मिनिटांत बहुतेक सगळे कच्चे सर्व्हर त्याने गाठले, निदान ७५,००० तरी. बँक ऑफ अमेरिकाची एटीएम अडली. गंमत म्हणजे मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती जुलै २००२ मध्येच आलेली होती, आणि खुद्द त्यांच्याही काही सर्व्हरवर ती टाकलेली नव्हती.

तेव्हा सगळ्यांनी अ‍ॅडमिनना आळशी ठरवलं. मला ते पटत नाही. ती दुरुस्ती मुळात धड इन्स्टॉलरशिवाय आली होती, फायली हाताने कॉपी करायच्या होत्या. शिवाय तेच डेटाबेस इंजिन दुसऱ्याच सॉफ्टवेअरच्या पोटात दडून आलेलं असे. आपल्याकडे ते आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो दहा दिवस मोजणार कशाचे?

ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने महिन्याचा दुसरा मंगळवार नेमून दिला. संकष्टीसारखा ठरलेला दिवस. निदान तयारीला वेळ मिळू लागला.

आणि मग १९ जुलै २०२४. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास आठवतात ना? क्राउडस्ट्राइकची एक सदोष फाइल, ८५ लाख विंडोज यंत्रं आडवी. फाइल सव्वा तासात मागे घेतली, पण बंद पडलेली यंत्रं बऱ्याच ठिकाणी एकेक करून हातानेच उठवावी लागली. मुद्दाम एक आवृत्ती मागे राहिलेले शहाणेही त्यात सापडले, कारण त्यांची ती सेटिंग या प्रकारच्या फाइलला लागूच नव्हती! असल्या फायली कधी घ्यायच्या, हे ठरवण्याची सोय कंपनीने गिऱ्हाइकांना दिली ती त्यानंतर.