चाळ-दुरुस्ती, मुंबईतील

मुंबई बेटावरील जुन्या भाडोत्री इमारतींच्या सांगाड्याची, रहिवासी आत असताना किंवा त्यांना तात्पुरते हलवून, करावयाची दुरुस्ती. मूळचे हे घरमालकाचे खाजगी काम. १९६९ नंतर ते बव्हंशी सार्वजनिक मंडळाकडे आले.

गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात उभ्या राहिलेल्या या इमारतींचा सांगाडा बहुधा सागवानी खांब व तुळयांचा, भिंती विटांच्या आणि मजले कड्या व फळ्यांचे असत. कोरडे लाकूड दीर्घकाळ टिकते. मात्र मोरी, सामाईक शौचकूप व गळके छप्पर यांच्यालगत भिंतीत रुतलेली तुळयांची टोके ओलाव्याने व वाळवीने कुजतात. गिलाव्यामुळे ही कूज दिसत नाही. म्हणून गिलावा फोडून टोके तपासणे, हे दुरुस्तीतील पहिले काम होय. त्यानंतर टेकू देऊन भार पेलला जातो व कुजलेल्या तुळईच्या जागी लोखंडी तुळई बसवितात. टेकू एकाच मजल्यावर देऊन भागत नाही. वरचा भार खालच्या प्रत्येक खोलीतून जमिनीपर्यंत न्यावा लागतो. तिसऱ्या मजल्यावरील एका कुटुंबाच्या तुळईसाठी त्याखालील सर्वच कुटुंबांना जागा मोकळी करून द्यावी लागते. काम अडते ते बहुधा येथेच. कारागिरी वा सामान यांवाचून नव्हे.

१९४७ च्या भाडे-नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. दुरुस्तीचे दायित्व मालकाकडेच राहिले. त्याने ते टाळल्यास भाडेकरूने दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, अशी तरतूद होती. परंतु वार्षिक भाड्याच्या ठराविक हिश्श्यापलीकडे वजावट करता येत नसे आणि गोठलेल्या भाड्याच्या हिश्श्यात तुळई बसण्यासारखी नव्हती.

बेडेकर समितीच्या (१९६८) अभ्यासानंतर १९६९ मध्ये मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ अधिनियम संमत झाला, दुरुस्ती-उपकर बसविण्यात आला आणि १९७१ मध्ये मंडळ स्थापन झाले. त्या वेळी उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. त्यांपैकी १६,५०२ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. १९७७ मध्ये हे काम महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाकडे (म्हाडा) आले. खर्चाला दर चौरस मीटरमागे कमाल मर्यादा असते. ती ओलांडली, तर जादा खर्च रहिवाशांनी सोसावा किंवा इमारत पुनर्रचनेसाठी जावी, हे दोनच मार्ग उरतात. मर्यादा वेळोवेळी वाढविण्यात आली. तरी इमारतीच्या गरजेपेक्षा अंदाजपत्रकाकडे पाहून काम ठरविण्याची प्रवृत्ती तीतूनच बळावली आणि एकाच इमारतीची तुकड्यातुकड्यांनी वारंवार दुरुस्ती होत राहिली.

पुनर्रचनेचा मार्ग रहिवाशांना दुरुस्तीहूनही अवघड वाटतो. इमारत पाडताना संक्रमण शिबिरात हलविलेली कित्येक कुटुंबे दशके उलटली, तरी परतू शकली नाहीत. हे शेजारच्या चाळींतून सर्वांना ठाऊक असते. म्हणून धोक्याची सूचना मिळूनही लोक खोली सोडत नाहीत. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजार परिसरातील हुसैनी इमारत कोसळून ३३ जण मृत्युमुखी पडले. तिच्यातील काही कुटुंबे तात्पुरत्या निवासात आधीच हलविण्यात आली होती. उरलेली तेथेच राहत होती.