सोमाली कुळींची घडण : अरबी मूळपुरुष आणि कुशिटिक वारसा

सोमाली भाषेत वंशावळीला ‘अब्तिर्सिन्यो’ असा शब्द आहे. ‘अब’ म्हणजे पिता किंवा पूर्वज आणि ‘तिर्सि’ म्हणजे मोजणे. तेव्हा पित्यांची मोजदाद असा त्याचा सरळ अर्थ होतो. ही मोजदाद पशुपालक सोमाली घरांतून मुलांकडून लहानपणीच मुखोद्गत करवून घेतली जाते. दोन अनोळखी माणसे भेटली म्हणजे उभयतांच्या नाममालिका जेथे एकत्र येतात तो पूर्वज शोधावयाचा, आणि त्यावरून परस्परांशी वागण्याची रीत ठरवावयाची, असा परिपाठ आहे. मात्र या मालिकांच्या अगदी वरच्या टोकाला येणारी नावे सोमाली नव्हेत, अरबी आहेत. मोठ्या कुळी आपला संबंध पैगंबरांच्या कुरेश कुळाशी जोडतात. कित्येक वंशावळी पैगंबरांचा चुलतभाऊ अकील इब्न अबी तालिब याच्यापर्यंत जाऊन पोहोचतात. हा वरचा भाग इतिहास म्हणून घ्यावा की धर्मस्वीकाराची खूण म्हणून, या प्रश्नावर सोमाली समाजाच्या उगमाची बरीचशी चर्चा अवलंबून आहे.

दारोदविषयीची आख्यायिका या दृष्टीने बोलकी आहे. तिचे पाठ अनेक आहेत. समान भाग एवढाच की, अरबस्तानातून आलेला एक शेख विहिरीनजीक एका झाडावर आश्रय घेतो, तेथे दिर या स्थानिक पुरुषाच्या दोंबिरो नामक मुलीशी त्याची गाठ पडते, आणि पुढे त्यांचा विवाह होतो. इसाकच्या बाबतीतही प्रकार फारसा निराळा नाही. त्याची कबर एडनच्या आखातावरील मैध येथे दाखविली जाते, आणि त्याच्या संततीची विभागणी दोन पत्नींवरून केली जाते. त्यांपैकी मगाद्ले ही तद्देशीय. म्हणजे परका पुरुष जावई होऊनच देशात शिरतो. दिर तेथे आधीपासून नांदत होता हे कथा स्वतःच कबूल करते. अरब व्यापारी व धर्मोपदेशक झैला, बरबेरा, मोगादिशू या बंदरांत येऊन राहिले यात शंका नाही; परंतु मूठभर आगंतुकांपासून एवढा मोठा समाज उत्पन्न झाला असे मानण्यास भाषेचा पुरावा आड येतो.

सोमाली आणि अरबी यांत साम्ये आहेत हे खरे. सोमालीतील मोजकी क्रियापदे पूर्वप्रत्ययाने चालतात : ‘यकान’ म्हणजे तो जाणतो, ‘तकान’ म्हणजे ती जाणते, अरबीतही ‘य’ आणि ‘त’ हेच काम करतात. पण हे ऋण नव्हे. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात ‘हॅमिटिक’ ही जुनी कोटी मोडीत काढून कुशिटिक भाषांना सेमिटिक भाषांच्या बरोबरीची एक स्वतंत्र शाखा मानले. त्यानंतर अशी साम्ये समान प्राचीन वारशाची ठरतात, अरब वंशाची साक्ष नव्हेत. उलट सोमालीचे जवळचे आप्त अन्यत्र आहेत. ओरोमोत ‘दोन’ला ‘लमा’ व ‘चार’ला ‘अफुर’ म्हणतात, सोमालीत ‘लबा’ व ‘अफर’. उत्तर केनियातील रेंडिले भाषा तर याहूनही निकटची.

मग हा समाज आला कोठून? योगायोग असा की, या वादात परस्परविरुद्ध मते मांडणारे दोघेही लुईस आडनावाचे. आय. एम. लुईस यांनी १९६० मध्ये सोमाली लोक एडनच्या आखाताकडून दक्षिणेस सरकत गेले असे प्रतिपादन केले. वंशावळी व मौखिक परंपरा हा त्यांचा मुख्य आधार. १९६४ मध्ये हॅरल्ड फ्लेमिंग यांनी दक्षिण इथियोपियातील अबाया सरोवराकाठची बैसो भाषा आणि रेंडिले या दोन्ही सोमालीच्या आप्त असल्याचे दाखविले. १९६६ मध्ये हर्बर्ट लुईस यांनी ओरोमो व सोमाली या दोहोंचे मूळस्थान दक्षिण इथियोपियाच्या बाजूस शोधले. त्यामागचा नियम भाषाशास्त्रात सर्वपरिचित आहे : जेथे निकटच्या भाषांचे वैविध्य अधिक, तेथे त्यांची वस्ती जुनी. सोमाली प्रदेशातही उत्तरेकडील बोली बऱ्याच एकजिनसी, तर दक्षिणेस माय, तुन्नी, जीद्दू अशा परस्परांना दुर्बोध बोली नांदतात. १९७८ मध्ये बर्न्ड हाइने यांनी रेंडिले, बोनी व सोमाली यांचा एकत्र इतिहास मांडला, तोही याच दिशेने जाणारा आहे. वंशावळ उत्तरेकडे बोट दाखविते, भाषा दक्षिणेकडे. आणि येथे भाषेची साक्ष अधिक विश्वसनीय होय, कारण वंशावळ हेतुपुरस्सर बदलता येते, संख्यावाचक शब्द तसे बदलत नाहीत.

कुळीच्या अंतर्गत व्यवहाराची परिभाषाही बव्हंशी देशी आहे. ‘कबील’ हा शब्द अरबी खरा. पण पितृपक्षाच्या नातलगांस ‘तोल’ म्हणतात आणि विवाहसंबंधाने जोडलेल्यांस ‘हिदिद’. मराठीत भाऊबंद आणि सोयरे असा जो भेद आहे, तोच हा. ‘हिदिद’चा दुसरा अर्थ मूळ, झाडाचे मूळ, ‘तोल’ या रूपाचेच शिवणे या अर्थाचे क्रियापद आहे. कुळीच्या शाखेस ‘जिलिब’, म्हणजे गुडघा, म्हणतात. ‘हबर’ म्हणजे म्हातारी किंवा माता. हबर अवल, हबर गिदिर या नावांवरून दिसते की, पितृवंशीय समाजातही शाखा मातेच्या नावाने ओळखल्या जात. पूर्वीच्या आकाशदेवतेचे ‘वाक’ हे नाव ओरोमोंच्या ‘वाका’शी जुळते, आणि एल वाक या स्थलनामात ते आजही टिकून आहे. रक्तदंडाला ‘मग’ हा देशी शब्द असला, तरी पुरुषाबद्दल शंभर उंट हे प्रमाण इस्लामी विधीचेच आहे. देशी आणि अरबी यांची सरमिसळ येथे स्पष्ट दिसते.

तथापि ‘कुशिटिक मूळ’ म्हटल्याने सर्व उलगडा होतो असे मानणे भाबडेपणाचे होईल. बोराना ओरोमोंच्या ‘गडा’ पद्धतीत समाजाची व्यवस्था आठ-आठ वर्षांच्या श्रेणींवर उभी आहे. रेंडिल्यांतही वयोगट आहेत, आणि त्यांच्या कुळी दोन अर्धगणांत वाटलेल्या आहेत. सोमाल्यांत वयश्रेणींना असे स्थान नाही. येथे पितृवंशाच्या लांबच लांब शाखोपशाखाच सर्व काही. भाषेने इतक्या जवळच्या समाजांत रचनेचा हा भेद का पडावा? उंटपालनामुळे विखुरलेली वस्ती, विहिरी व कुरणे यांवरील भांडणे, आणि पितृवंशाला प्रतिष्ठा देणारा इस्लाम, यांच्या संयोगातून ही दीर्घ वंशावळ वाढली असावी. गुंथर श्ले यांनी १९८९ मध्ये दाखविले की, उत्तर केनियात एकच कुळी रेंडिले, गब्रा व सोमाली अशा निरनिराळ्या समाजांत आढळते. तेव्हा कित्येक कुळी आजच्या जनसमूहांहूनही जुन्या असाव्यात. लेखी पुराव्यात हविये हे नाव १३ व्या शतकात इब्न सईद याच्या लेखनात मर्का नगराच्या संदर्भात येते. ‘सोमाली’ हे नाव मात्र इथियोपियाचा राजा येशाक (१४१४-१४२९) याच्या स्तुतिगीतात प्रथम आढळते. कुळीचे नाव आधी, जनाचे नंतर, हा लेखी नोंदींचा क्रमही विचारात घेण्याजोगा आहे.

दक्षिणेकडील शेती व पशुपालन करणाऱ्या रहनवेन समाजात ही गोष्ट अधिक उघड होते. या नावाचाच अर्थ मोठा समुदाय. तेथे पुष्कळ घराणी बाहेरून येऊन ‘शेगाद’ म्हणून सामावली गेली. ‘शेग’ म्हणजे सांगणे, म्हणजे यजमान कुळीचा पूर्वज आपला म्हणून सांगणारे ते शेगाद. येथे रक्त हे करारामागून आले.

२००० साली जिबूतीतील आर्ता परिषदेत प्रतिनिधित्वासाठी साडेचार कुळींचे सूत्र स्वीकारले गेले : चार मोठ्या कुळींना समान वाटा आणि उरलेल्या सर्व अल्पसंख्यांना मिळून अर्धा. त्या मोजणीत इसाक दिरमध्ये धरले गेले. उत्तरेकडील वंशावळींत मात्र इसाक हा अरबस्तानातून आलेला स्वतंत्र मूळपुरुष आहे.