वारली आंदोलन व सरकारी दडपशाही
(१९४५–४७). दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ठाणे जिल्ह्यात वेठबिगार व लग्नगडी (लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी जमीनदाराकडे राबण्याची) पद्धतीविरुद्ध वारली आदिवासींनी केलेला लढा व सरकारने योजलेले दडपशाहीचे उपाय. कल्याणजवळ टिटवाळ्यास जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद भरली. पुढे उंबरगाव-डहाणू भागात शामराव व गोदावरी परुळेकर या कम्युनिस्ट नेत्यांनी वारल्यांचे संघटन उभारले. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगडसह पाच वारली ठार झाले. १९४६ मध्ये मुंबई प्रांतातील खेर मंत्रिमंडळाच्या काळात, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना, कम्युनिस्ट नेत्यांना जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. मात्र वेठबिगार मोडली आणि मजुरी वाढली. गोदावरी परुळेकरांच्या *जेव्हा माणूस जागा होतो* (१९७०) या ग्रंथात लढ्याची हकिकत असून त्यास साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.