तळटीप : ‘अचल मुलूख’

१. अचल मुलूख : धाराशिव जिल्ह्याच्या भूमीस ग्रंथकर्त्याने योजिलेले हे विशेषण, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात किल्लारीबरोबरच तत्कालीन उमरगा तालुक्यातील सास्तूरही जमीनदोस्त झाले तेव्हा, कायमचे बाद झाले. या भूकंपामागची हकीकत अशी : भारतीय भूखंडाच्या पुढील टेथिस समुद्राचा तळ आशियाखाली शिरून लुप्त होत गेला, त्या ओघात आशियाच्या किनाऱ्यास ज्वालामुखींच्या खडकांची व खरवडलेल्या गाळाची नवी भर पडली, आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी दोन्ही भूखंड एकमेकांस भिडले; तो रेटा अद्याप थांबलेला नसून, हिमालयापासून इतक्या दूरच्या आपल्या खडकांतही त्याचा ताण साठत राहतो, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. काळा फत्तर म्हणजे अभेद्य पाया, ही समजूतही येथे टिकत नाही : किल्लारीस घेतलेल्या वेधनात बेसाल्टाची जाडी अवघी ३३८ मीटर भरली व त्याखाली, थोड्या गाळानंतर, अतिप्राचीन पट्टिताश्म लागला; भूकंपाचे मूळ त्या तळखडकात होते. माणसे मात्र दगावली ती त्याच काळ्या फत्तराच्या, चिखलात रचलेल्या रुंद भिंतींखाली आणि त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या थापलेल्या धाब्याच्या मातीखाली. — संपादक